क्रिटिकल पाथचा अंदाज आणि मोजलेल्या सायकली जुळत नाहीत: एफएमए वापरल्यावर लूप संथ का होतो?

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी एका लहान भाषेसाठी एक्स८६-६४ चा बॅकएंड (कंपायलरचा मशीन कोड तयार करणारा भाग) लिहीत आहे. इन्स्ट्रक्शनांचा क्रम ठरवण्यासाठी आणि एकाच कामाच्या दोन पर्यायांमधून एक निवडण्यासाठी मी प्रत्येक बेसिक ब्लॉकचा (मध्ये उडी नसलेल्या सलग इन्स्ट्रक्शनांच्या तुकड्याचा) अवलंबन-ग्राफ बांधतो. प्रत्येक इन्स्ट्रक्शनला लेटन्सीचा, म्हणजे निकाल तयार व्हायला लागणाऱ्या सायकलींचा, एक आकडा दिलेला आहे. वरून खाली येताना मी तिची 'खोली' काढतो, म्हणजे ती लवकरात लवकर कोणत्या सायकलला सुरू होऊ शकेल ते. खालून वर जाताना तिची 'उंची' काढतो, म्हणजे ती सुरू झाल्यापासून ब्लॉक संपेपर्यंत किमान किती सायकली जातील ते. खोली आणि उंचीची बेरीज जिथे सर्वाधिक भरते तो क्रिटिकल पाथ, आणि बाकीच्या इन्स्ट्रक्शनांना किती मोकळीक आहे तेही त्यावरूनच ठरते.

अडचण डॉट प्रॉडक्टच्या साध्या लूपमध्ये आली. प्रत्येक फेरीत दोन ॲरेंमधून एकेक फ्लोट वाचायचा, त्यांचा गुणाकार करायचा आणि तो एकाच बेरजेच्या रजिस्टरमध्ये मिळवायचा, एवढेच काम आहे. इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरसाठी माझ्या तक्त्यात लोड (मेमरीतून वाचणे) ५, गुणाकार ५, बेरीज ३ आणि एफएमए (गुणाकार-बेरीज एकत्र करणारी इन्स्ट्रक्शन) ५ सायकली असे आकडे आहेत. त्यानुसार गुणाकार आणि बेरीज वेगळी ठेवल्यास मार्ग १३ सायकलींचा होतो, एफएमए घेतल्यास १० सायकलींचा, म्हणून माझा कोड एफएमए निवडतो. प्रत्यक्षात मात्र दोन्ही ॲरे एल१ कॅशमध्ये मावत असतानाही वेगळ्या गुणाकार-बेरजेला फेरीमागे सुमारे ३ सायकली लागतात आणि एफएमएला सुमारे ५. तक्त्यात चूक आहे, की अंदाज बांधण्याच्या पद्धतीतच काही राहून गेले आहे? आणि हा निर्णय योग्य व्हावा म्हणून ग्राफमध्ये आणखी कोणती माहिती असायला हवी?

दुपारपाळी

तुमचा तक्ता बरोबर आहे. ब्लॉक एकदाच चालणार असेल तर १० विरुद्ध १३ हा हिशेबही बरोबर आहे. राहून गेले आहे ते एका फेरीतून पुढच्या फेरीत जाणारे अवलंबन. बेसिक ब्लॉकचा ग्राफ ब्लॉकच्या शेवटी थांबतो, त्यामुळे बेरजेचे रजिस्टर पुढच्या फेरीच्या सुरुवातीला पुन्हा वाचले जाते ही गोष्ट त्यात कुठेही नोंदलेली नसते.

आता ते अवलंबन ग्राफमध्ये एका कडेने दाखवून लूप पाहा. वेगळ्या इन्स्ट्रक्शनांमध्ये लोड आणि गुणाकार मागच्या फेरीतल्या कशावरही अवलंबून नाहीत (इंडेक्स सोडला तर, आणि तो १ सायकलमध्ये वाढतो). त्यामुळे प्रोसेसर पुढच्या अनेक फेऱ्यांचे लोड आणि गुणाकार आधीच करून ठेवतो आणि फेरीमागून फेरी जाणाऱ्या अवलंबनाच्या साखळीवर उरते ती फक्त बेरीज, म्हणजे ३ सायकली. एफएमएमध्ये गुणाकार आणि बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये बांधली गेल्यामुळे मागच्या फेरीची बेरीज हाती आल्याशिवाय गुणाकारालाही सुरुवात होत नाही, आणि हॅसवेलवर पूर्ण ५ सायकली साखळीवर येतात. १००० घटकांसाठी पहिल्या पर्यायाला साधारण १३ + ९९९ × ३ = ३०१० सायकली लागतील आणि दुसऱ्याला १० + ९९९ × ५ = ५००५. सुरुवातीला वाचलेल्या ३ सायकलींना या आकड्यांपुढे काहीच महत्त्व उरत नाही.

म्हणून लूपच्या एका फेरीची किंमत म्हणून ब्लॉकच्या मार्गाची लांबी घेऊ नये. मॉड्युलो शेड्युलिंगमध्ये (लूपच्या फेऱ्या एकमेकींवर चढवून क्रम लावण्याच्या पद्धतीत) वापरतात त्या दोन किमान मर्यादा काढाव्यात आणि त्यांतली मोठी घ्यावी. पहिली मर्यादा पुनरावर्तनाची: ग्राफमधल्या प्रत्येक चक्रासाठी लेटन्सींची बेरीज भागिले ते चक्र जितक्या फेऱ्या ओलांडते ती संख्या, आणि अशा सर्व चक्रांमधले कमाल मूल्य. सगळी चक्रे मोजत बसण्याची गरज नसते. फेरीला 'प' सायकली लागतात असे गृहीत धरा, प्रत्येक कडेला 'लेटन्सी वजा प गुणिले फेऱ्यांचे अंतर' असे वजन द्या आणि ग्राफमध्ये धन वजनाचे चक्र सापडते का ते बेलमन-फोर्ड अल्गोरिदमने तपासा. सापडले तर 'प' अपुरा आहे. द्विभाजन शोधाने योग्य 'प' लगेच मिळतो.

दुसरी मर्यादा साधनांची. हॅसवेलवर लोडसाठी दोन पोर्ट (काम सुरू करण्याचे मार्ग) आहेत, म्हणून फेरीतल्या दोन लोडना १ सायकल लागते. फ्लोटिंग पॉइंट गुणाकार आणि एफएमए पोर्ट ० आणि १ या दोन्हींवर चालतात, पण बेरीज फक्त पोर्ट १ वर चालते. फ्रंटएंड (इन्स्ट्रक्शन आणून उलगडणारा भाग) सायकलमागे ४ मायक्रो-ऑप, म्हणजे इन्स्ट्रक्शन फोडून केलेली लहान कामे, पुढे पाठवतो. तुमच्या लूपमध्ये एक लोड, मेमरी ऑपरँड जोडलेला गुणाकार, बेरीज, इंडेक्सची वाढ आणि एकत्र झालेली तुलना-उडी असे ५ धरले तर १.२५ सायकल होते. यातले काहीही ३ च्या वर जात नाही, त्यामुळे तुमचा लूप पूर्णपणे बेरजेच्या साखळीने बांधलेला आहे.

यातून निघणारा निर्णय मात्र हॅसवेलपुरताच खरा आहे. इंटेलच्याच स्कायलेकवर बेरीज, गुणाकार आणि एफएमए तिन्ही ४ सायकलींचे आहेत, त्यामुळे साखळी दोन्ही पर्यायांत ४ चीच राहते आणि एक मायक्रो-ऑप वाचवणारा एफएमए सरस ठरतो. इंटेलच्या ब्रॉडवेलवर गुणाकार ३ सायकलींचा झाला, पण एफएमए ५ चाच राहिला, म्हणजे तिथे फरक हॅसवेलसारखाच पडतो. आणि बेरजेचा क्रम बदलण्याची परवानगी असेल तर चित्र पुन्हा पालटते. बेरजेची ५ वेगळी रजिस्टरे ठेवली की एफएमएची साखळी घटकामागे १ सायकलवर येते आणि तिथे लोडची मर्यादा आड येते, तेव्हा आणखी रजिस्टरे वाढवून उपयोग नाही. क्रम बदलल्याने राउंडिंग बदलते, त्यामुळे ही मोकळीक कंपायलरने स्वतःहून घेऊ नये. भाषेने किंवा वापरकर्त्याने ती दिलेली असावी.

एलएलव्हीएम या कंपायलर संचातही हीच मर्यादा दिसते. त्यातला मशीन ट्रेस मेट्रिक्स हा भाग तुमच्यासारखीच खोली आणि उंची काढतो, फक्त एका ब्लॉकऐवजी अनेक ब्लॉकच्या ट्रेसवर (लागोपाठ चालणाऱ्या ब्लॉकांच्या मार्गावर), आणि त्या आकड्यांवर मशीन कंबाइनर हा दुसरा भाग बेरजांची पुनर्रचना किंवा काही आर्किटेक्चरवर गुणाकार-बेरजेची जोडणी ठरवतो. पण ट्रेस लूपच्या मागे जाणाऱ्या कडेवरून कधीच पुढे जात नाही.

निळीशाई

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात एक गोष्ट जोडणे गरजेचे वाटते, कारण ती नसेल तर पुनरावर्तनाची मर्यादासुद्धा चुकीची निघेल. कोयनाकाठ यांनी लेटन्सीचा आकडा इन्स्ट्रक्शनला दिला आहे. तो कडेला द्यायला हवा, म्हणजे कोणत्या इन्स्ट्रक्शनचा निकाल कोणत्या इन्स्ट्रक्शनच्या कोणत्या ऑपरँडमध्ये जातो त्यानुसार.

मेमरी ऑपरँड असलेली बेरीज घ्या: रजिस्टरमध्ये मेमरीतला आकडा मिळवायचा आहे. तक्त्यात तिची लेटन्सी लोडसकट ५ + ३ = ८ लिहिलेली असते. ॲरेची नुसती बेरीज करणाऱ्या लूपमध्ये हा ८ सरसकट वापरला तर साखळी फेरीमागे ८ सायकलींची दिसते, आणि मग लोड वेगळा काढणे फायद्याचे आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात पत्त्याचे रजिस्टर सुरुवातीला लागते, पण बेरजेचे रजिस्टर लोड संपल्यावरच लागते, म्हणजे ५ सायकली उशिरा. साखळीवर ३ सायकलीच आहेत. एलएलव्हीएमच्या शेड्युलिंग मॉडेलमध्ये हे रीड ॲडव्हान्स या नोंदीने सांगतात: निकालाच्या लेटन्सीमधून ऑपरँडची सवलत वजा करायची आणि उत्तर शून्याखाली जाऊ द्यायचे नाही. हा आकडा ऋणही असू शकतो. पूर्णांकाच्या रजिस्टरमधून व्हेक्टर युनिटकडे जाताना लागणारा जादा विलंब काही मॉडेलांत तसाच लिहिलेला आहे. जीसीसी कंपायलरच्या मशीन डिस्क्रिप्शनमध्ये (प्रोसेसरच्या वर्णनाच्या फाइलीत) याच कामासाठी बायपासची व्याख्या करता येते, आणि ती उत्पादक व ग्राहक इन्स्ट्रक्शनांच्या जोडीवर लागू होते.

एफएमएच्या बाबतीत तर हा फरक निर्णयच उलटवू शकतो. आर्मच्या कॉर्टेक्स-ए५७ प्रोसेसरवर बेरजेचा ऑपरँड गुणाकाराच्या ऑपरँडपेक्षा उशिरा पुरवला तरी चालतो, त्यामुळे एकामागून एक येणाऱ्या एफएमएंची साखळी त्यांच्या पूर्ण लेटन्सीपेक्षा बरीच लहान असते. हॅसवेलवर अशी सोय नाही. ऑपरँडनिहाय कडा नसलेल्या ग्राफला हे दोन प्रोसेसर एकसारखेच दिसतील.

याच्या उलट बाजूचीही एक नोंद ठेवा. काही अवलंबने प्रोग्रामच्या अर्थात नसतात, तरी हार्डवेअरमध्ये असतात. पूर्णांकाचे डबलमध्ये रूपांतर करणारी एसएसईची (एक्स८६ वरच्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शनांच्या संचातली) इन्स्ट्रक्शन गंतव्य रजिस्टरचा वरचा भाग तसाच ठेवते, म्हणून ती त्या रजिस्टरच्या जुन्या मूल्यासाठी थांबते. हॅसवेलवर पॉपकाउंटही (१ असलेले बिट मोजणारी इन्स्ट्रक्शन) विनाकारण गंतव्य रजिस्टरची वाट पाहतो. लूपमध्ये अशी एखादी इन्स्ट्रक्शन असेल तर ग्राफमध्ये नसलेली साखळी तयार होते. तिच्याआधी गंतव्य रजिस्टर स्वतःशीच एक्सऑर करून शून्य केले की ती तुटते.

कोयनाकाठ

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. कडेवर लेटन्सी ठेवण्याचा बदल मी करून पाहिला. आता पुनरावर्तनाची मर्यादा ३ आणि ५ अशीच निघते आणि हॅसवेलसाठी निवडही बदलली.

त्यावरून पुढचा प्रश्न पडतो. प्रोसेसर स्वतःच पुढच्या फेऱ्यांचे काम आधी करत असेल, तर लूपच्या आत ब्लॉकचा १३ सायकलींचा मार्ग लहान करण्यासाठी शेड्युलरने (इन्स्ट्रक्शनांचा क्रम ठरवणाऱ्या भागाने) धडपडणे कधी योग्य ठरते? तसे करताना रजिस्टरांवरचा ताण वाढतो आणि काही मूल्ये स्टॅकवर टाकावी लागतात, हे मला दिसत आहे.

दुपारपाळी

याचे उत्तर प्रोसेसरच्या रिऑर्डर बफरच्या (हाती घेतलेले पण अजून पूर्ण न झालेले मायक्रो-ऑप जिथे राहतात त्या जागेच्या) आकारात आहे, आणि ते आकड्याने काढता येते. एका फेरीचे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत १३ सायकली जातात आणि दर ३ सायकलींनी नवी फेरी सुरू होते, म्हणजे एका वेळी सुमारे ४.३ फेऱ्या चालू असतात. प्रत्येक फेरीत ५ मायक्रो-ऑप धरले तर २२ मायक्रो-ऑप एकाच वेळी बफरमध्ये असायला हवेत. हॅसवेलचा बफर १९२ जागांचा आहे. २२ त्यात सहज मावतात, तेव्हा इथे शेड्युलरने लेटन्सीकडे दुर्लक्ष करून रजिस्टरांचा ताण सांभाळावा.

एलएलव्हीएमचा सर्वसाधारण शेड्युलर एकाच ब्लॉकच्या लूपसाठी नेमके हेच करतो. ब्लॉकचा मार्ग गुणिले फेरीतले मायक्रो-ऑप भागिले फेरीचा कालावधी हे मूल्य बफरच्या आकारापेक्षा मोठे झाले, तरच तो लूपला लेटन्सीने बांधलेला मानतो. फेरीचा कालावधी म्हणून तो चक्रीय मार्ग आणि मायक्रो-ऑप पाठवायला लागणारा वेळ यांतले मोठे मूल्य घेतो. म्हणजे लांबलचक बहुपदी मोजणारा, पण फेऱ्यांमध्ये काहीच न नेणारा लूप असेल तर बफर भरू शकतो आणि तिथे क्रम बदलण्याचे कष्ट सार्थकी लागतात. क्रमानेच इन्स्ट्रक्शन चालवणाऱ्या कॉर्टेक्स-ए५३ सारख्या कोअरवर मात्र हा बफरच नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक लूपमध्ये लेटन्सी झाकण्याची जबाबदारी कंपायलरवरच येते.

निळीशाई

पडताळणीविषयी थोडे लिहितो. एलएलव्हीएम-एमसीए (मशीन कोडच्या वेगाचा अंदाज देणारी प्रणाली) ब्लॉक सलग १०० वेळा चालवून पाहते, म्हणून फेऱ्यांमधली साखळी तिच्या टाइमलाइनमध्ये स्पष्ट दिसते, आणि तुमच्या लूपमधला ३ विरुद्ध ५ चा फरक तिथे लगेच सापडेल. ती प्रत्येक लोड एल१ मध्ये सापडतो असे मानते आणि शाखांचे चुकलेले अंदाज धरत नाही. पण ती एलएलव्हीएमच्या शेड्युलरचेच तक्ते वाचते. तक्त्यात चूक असेल तर तीच चूक दोन्हीकडे दिसेल आणि निकाल जुळल्यासारखा वाटेल. त्यामुळे तुमच्या तक्त्यातले आकडे स्वतंत्रपणे मोजलेले असावेत. त्यासाठी एलएलव्हीएम-एक्सेजेसिस हे मोजणीचे साधन आहे, आणि अग्नेर फॉग यांचे तक्ते व युऑप्स डॉट इन्फो हे दोन्ही प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेले आहेत.

स्वतः मोजणार असाल तर इन्स्ट्रक्शनचा निकाल तिच्याच एका ठरावीक ऑपरँडमध्ये परत देत लांब साखळी करा, आणि प्रत्येक ऑपरँडसाठी वेगळी मोजणी घ्या. टाइमस्टॅम्प काउंटर ठरावीक वारंवारतेने चालतो, कोअरची वारंवारता मात्र बदलत राहते, म्हणून भागाकार करताना परफॉर्मन्स काउंटरमधल्या कोअर सायकली घ्या. भागाकाराच्या इन्स्ट्रक्शनला मात्र एकच आकडा देऊ नका, कारण अनेक प्रोसेसरांवर तिची लेटन्सी आकड्यांच्या मूल्यांवर ठरते. तक्त्यात तिथे किमान आणि कमाल अशा दोन नोंदी ठेवाव्यात आणि निवडीच्या वेळी दोन्ही टोकांना निर्णय तोच राहतो का ते पाहावे.