ओडीएफ १.३ की १.३ विस्तारित: कायमच्या जतनासाठी कोणता पर्याय योग्य?

प्रश्न – मृणाल, इंदूर

नमस्कार. इंदूरमधील एका जुन्या मराठी वाचनालयाचे वार्षिक अहवाल आणि ग्रंथसूची लिबरऑफिसमध्ये युनिकोडात टंकित करण्याचे काम आमच्याकडे आहे. पर्यायांमध्ये ओडीएफची, म्हणजे ज्या खुल्या प्रमाणानुसार फाइल जतन होते त्याची, आवृत्ती निवडता येते. आमच्या संगणकावर तेथे ‘१.३ विस्तारित’ आधीपासून निवडलेले असते आणि नुसते ‘१.३’ही उपलब्ध आहे. पुढच्या पिढीलाही या फाइली उघडता आल्या पाहिजेत, म्हणून प्रमाणात बसेल तेवढेच ठेवावे, असे कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे आहे. मात्र विस्तारित सोडून दुसरे काही निवडले की माहिती गमावण्याची शक्यता असल्याची सूचना येते. नेमके काय गमावते?

उत्तर – श्रीपाद, वडोदरा

मृणालताई, मजकूर, शीर्षके, तक्ते आणि तळटीपा मूळ प्रमाणातच येतात, त्यामुळे त्यांना धक्का लागत नाही. प्रमाणात अजून समाविष्ट न झालेल्या सोयी लिबरऑफिस आपल्या वेगळ्या नामावकाशात (नेमस्पेस, म्हणजे फाइलीतील खुणांचा स्वतंत्र नावांचा गट) लिहिते. विस्तारित फाइलीत त्या राहतात, नुसत्या १.३ मध्ये जतन करताना गाळल्या जातात. उदाहरणार्थ, समासातील एखादी टिप्पणी ‘निकाली’ काढल्याची खूण अशीच लिहिली जाते.

हे स्वतः पाहता येते. ओडीटी फाइल (ओडीएफमधील मजकुराची फाइल) हा मुळात झिप गठ्ठा असतो. तिची एक प्रत काढून, प्रतीच्या नावाचा शेवट झिप असा करून ती उघडावी आणि आतील ‘कंटेंट’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत एल-ओ-ई-एक्स-टी ही अक्षरे शोधावीत. सुरुवातीला ती केवळ नामावकाशाच्या घोषणेपुरती येतात, त्यावरून काही ठरवू नये. पुढे मजकुरात जेथे आढळतील, तेथे विस्तार वापरलेला आहे. साध्या अहवालात असे फारसे सापडत नाही.

उत्तर – अनघा, ग्वाल्हेर

मी काटेकोर, म्हणजे नुसत्या १.३ मधील, प्रतीच्या बाजूची आहे. ओडीएफला २००५ मध्ये ओएसिस या प्रमाणे ठरवणाऱ्या संघाची आणि २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेची मान्यता मिळाली, ती कोणत्याही एका सॉफ्टवेअरवर विसंबून राहावे लागू नये यासाठीच ना? विस्तार न ओळखणारे सॉफ्टवेअर तो भाग बाजूला ठेवून फाइल उघडते हे खरे. पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये ती पुन्हा जतन झाली, तर तो भाग कोणाच्या लक्षात न येता नाहीसा होऊ शकतो. वाचनालयाच्या दप्तरात असे होता कामा नये. काटेकोर प्रत काढताना जे जायचे ते निदान आपल्या डोळ्यांदेखत जाते.

सदस्यांकडून वर्डच्या डॉकएक्स फाइली येत असतील, तर तेथील ‘स्ट्रिक्ट’ या काटेकोर प्रकाराची यात गल्लत करू नये. डॉकएक्सच्या आयएसओ २९५०० या प्रमाणातील ‘ट्रान्झिशनल’ हा दुसरा प्रकार जुन्या ऑफिस फाइलींतील गोष्टी सामावून घेण्यासाठी आहे, आणि वर्ड नेहमीच्या जतनात तोच वापरते.

उत्तर – श्रीपाद, वडोदरा

अनघाताईंचा मुद्दा मान्य आहे, फक्त तो अंतिम प्रतीपुरता. मुद्रितशोधन चालू असेपर्यंत विस्तारितच ठेवावे, नाहीतर टिप्पण्यांच्या खुणा प्रत्येक जतनाबरोबर पुसल्या जातील. काम संपल्यावर टिप्पण्या काढून टाकाव्यात, १.३ मध्ये वेगळ्या नावाने प्रत करावी, ती बंद करून पुन्हा उघडावी आणि मूळ प्रतीशी पानोपान ताडून पाहावी. ओडीएफ व्हॅलिडेटरमध्ये (फाइल प्रमाणात बसते का हे पाहणाऱ्या साधनात) ही प्रत तपासताना विस्तारित नव्हे, तर साध्या अनुरूपतेची कसोटी निवडावी.