१८४१ सालच्या नगरमध्ये अमेरिकन मिशनऱ्याचा उन्हाळ्यातला दिवस कसा जात असे?

पडद्यामागचा (प्रश्न)

नमस्कार. मी सध्या एक दोन अंकी नाटक लिहीत आहे. काळ १८४१ चा एप्रिल महिना आणि स्थळ अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. बॉस्टनहून आलेले एक तरुण मिशनरी जोडपे आणि त्यांना मराठी शिकवणारे एक शास्त्री अशी तीन मुख्य पात्रे असून तिन्ही काल्पनिक आहेत. पहिल्या मसुद्यात साहेब सकाळी दहा वाजता बाजारपेठेत उभे राहून प्रवचन करतात, दुपारी टेबलाशी बसून लिहितात आणि रात्री कंदिलाच्या उजेडात घरी पत्र लिहीत असताना दूरवर आगगाडीची शिट्टी ऐकू येते.

वाचनाला आलेल्या एका ज्येष्ठ मित्रांनी, जे मूळचे नगरचेच आहेत, मला एवढेच विचारले, की एप्रिलमध्ये नगरला दहाच्या उन्हात उभे राहून ऐकायला थांबणार कोण? मला उत्तर देता आले नाही. मिशनच्या इतिहासात धर्मांतरे, शाळा आणि छापखाने यांविषयी पुष्कळ वाचायला मिळाले. परंतु थंड मुलखातून आलेली ही माणसे आपल्याकडच्या उन्हाळ्यात उठत केव्हा, खात काय आणि भर दुपारी करत काय, हे मला नीट जुळवता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

भिंगारकर

आपल्या मित्रांचे म्हणणे योग्य आहे. दहा वाजता त्या साहेबांना घराबाहेर काढू नका. त्या सुमारास त्यांच्या बंगल्याची दारेखिडक्या बंद झालेली असणार.

नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असून हवा कोरडी आहे, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीच्या आसपास जात असला तरी पहाट चांगलीच सुखद असते. साऱ्या दिवसाची मांडणी या एका गोष्टीवर ठरत असे. साडेचार-पाचला उठायचे, काहीतरी गरम पिऊन घोड्यावरून किंवा पायी बाहेर पडायचे, आणि बाजारात, वेशीपाशी किंवा जवळच्या एखाद्या गावाच्या चावडीसमोर जे काय बोलायचे ते ऊन चढण्याआधी बोलून परत यायचे. शाळाही अशाच सकाळच्या असत. आठ-नऊच्या सुमारास स्नान, न्याहारी आणि घरातल्या सर्वांची मिळून प्रार्थना झाली, की रात्री घरात शिरलेला गारवा कोंडून ठेवण्यासाठी दारेखिडक्या लावून घेत. हे काही त्यांनी शोधून काढलेले नव्हते. आपल्याकडच्या जाड भिंतींच्या वाड्यांतही हेच चालत असे.

त्यानंतरचे चार-पाच तास हा त्या दिवसाचा सर्वांत लांब भाग आणि तो शास्त्र्यांचा. नवा मिशनरी पहिली दोन वर्षे तरी मुख्यतः विद्यार्थीच असे. १८४१ मध्ये त्याच्या टेबलावर मोल्सवर्थ यांचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये छापलेला मराठी नवा करार ही दोन पुस्तके आपण निःशंकपणे ठेवू शकता. बाळबोध अक्षरे त्याला लवकर येतील, परंतु बाजारातला हिशोब आणि सरकारी कागद मोडीत असल्यामुळे तेथे तो अडेल. शास्त्री त्याच्या घरचे पाणीही घेणार नाहीत. सतरंजीवर निराळे बसून शिकवतील, वेतन घेतील आणि घरी जाऊन स्नान करतील. नाटकासाठी यापेक्षा अधिक बोलके काही मिळेल असे मला वाटत नाही, कारण ज्या माणसाच्या धर्माविरुद्ध तो बोलायला आला आहे, त्याच माणसाने उच्चार दुरुस्त केल्याशिवाय त्याला तोंड उघडता येत नाही.

दुपारच्या जेवणानंतर तासभर विश्रांती. त्यावरून त्यांना आळशी समजू नये. पाचनंतर दारे उघडली जात, साहेब पुन्हा बाहेर पडत, आणि रात्री अंगणात बाजा टाकून सगळे झोपत. सकाळी पायात बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकायचे, कारण आमच्याकडचे विंचू प्रसिद्ध आहेत.

एक गोष्ट लक्षात असू द्या. अहवालांत ठळकपणे दिसणारे प्रवचन हे प्रत्यक्ष दिवसातले जेमतेम दोन-तीन तासांचे काम होते. गावोगाव फिरण्याचे मोठे दौरे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत, बैलगाडीत राहुटी घालून होत. एप्रिलमधले पात्र मुख्यतः घरात कोंडलेले पात्र आहे.

गिरगावातला वाचक

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्यात वाळ्याच्या ताट्यांचा उल्लेख राहिला, तो जोडतो. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळे घट्ट विणून ती चौकट पश्चिमेकडच्या दारात बसवत आणि तिच्यावर सतत पाणी शिंपडत. बाहेरचा गरम वारा ओल्या वाळ्यातून येताना पाण्याची वाफ होते, त्या क्रियेत वाऱ्यातली उष्णता खर्च होते आणि आत गार, सुगंधी झुळूक येते. वारा कोरडा आणि वाहता असेल तरच ही युक्ती साधते. म्हणून नगरला ती लागू पडते आणि मुंबईला जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण आमच्याकडची हवा आधीच पाण्याने जड झालेली असते. बॉस्टनच्याच संस्थेचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, तेव्हा त्यांच्या वाट्याला ही घामट हवा आली आणि नॉट यांना प्रकृतीमुळे १८१५ मध्येच परत जावे लागले. आपले जोडपे जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून, चार-पाच महिने समुद्रावर काढून आधी मुंबईलाच उतरले असणार, तेव्हा बाईंच्या तोंडी मुंबई आणि नगर यांच्या उकाड्याची तुलना सहज घालता येईल.

आणखी एक गंमत. फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ पासून अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ लाकडाच्या भुशात घालून जहाजांनी हिंदुस्थानात आणायला सुरुवात केली होती. म्हणजे आपल्या पात्रांच्या गावाकडचाच बर्फ आपल्या बंदरांत विकला जात होता. परंतु घाट चढून नगरपर्यंत तो टिकणे शक्य नव्हते. नगरला ओले फडके गुंडाळून वाऱ्यात टांगलेली पाण्याची सुरई हीच चैन.

पडद्यामागचा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शास्त्री सतरंजीवर आणि साहेब खुर्चीवर, हे चित्र आत्ताच वहीत उतरवले. एक शंका आहे. दुसऱ्या अंकात बाईंचा मृत्यू उष्माघाताने होतो असे मी योजले आहे. ते पटण्यासारखे आहे का? आणि हे लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला जात असत, असे ऐकले आहे. मग माझे जोडपे नगरमध्ये का थांबले, याचे कारण द्यावे लागेल का?

ओसरी

उष्माघाताने मृत्यू अशक्य नव्हता, परंतु माझ्या मते तो नाटकाला कमकुवत करील. या लोकांना खरी धास्ती पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची होती. याच मिशनचे सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेले. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडे दौऱ्यावर गेले असता तेथे पटकीची साथ चालू होती. जवळची बहुतेक औषधे त्यांनी लोकांना वाटून टाकली, परतीच्या वाटेवर त्यांनाच ती लागली, आणि २० मार्च रोजी एका देवळाच्या ओसरीत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४१ वर्षे. ज्या नव्या कराराच्या भाषांतरासाठी ते झिजले, तो त्याच वर्षी छापून झाला. तुमच्या नगरात तर १८३१ च्या अखेरीस मिशनचे ठाणे उघडल्यानंतर काही महिन्यांतच विल्यम हार्वी हे मिशनरी पटकीनेच दगावले. म्हणजे १८४१ मधील आपल्या पात्रांनी ही नावे केवळ ऐकलेली नसतील; पैकी एकाची जागा भरून काढायलाच कोणीतरी आलेले असेल.

पटकीचा जंतू पाण्यावाटे पसरतो, हे जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या कलकत्त्यातल्या १८८४ च्या कामानंतर हळूहळू मान्य झाले. १८४१ मध्ये दोष हवेला, दलदलीच्या वाफांना किंवा पोटाला गारवा लागण्याला दिला जाई. म्हणून भर उन्हाळ्यातही युरोपियन आणि अमेरिकन माणसे अंगालगत फ्लॅनेल वापरत. उपचार म्हणजे अफूचा अर्क आणि कॅलोमेल हे पाऱ्याचे औषध. रोग्याला खरी गरज पाण्याची आणि मिठाची असताना घरात औषधांची पेटी उघडली जाते, हा प्रसंग प्रेक्षक आजच्या ज्ञानाने पाहील आणि पात्रे त्या काळच्या ज्ञानाने वागतील. त्यातला ताण मला उष्माघातापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

महाबळेश्वराविषयी. मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी तेथे वसाहत १८२८ च्या सुमारास वसवली, आणि अमेरिकन मिशनरी प्रकृतिस्वास्थ्यासाठी तेथे जात, हे खरे आहे. मिशनचे जुने सभासद अॅलन ग्रेव्ज यांनी अखेरची वर्षे तेथेच काढली आणि १८४३ मध्ये तेथेच देह ठेवला. तथापि मिशनचे काम एकाच वेळी सर्वांनी टाकून जाण्यासारखे नव्हते, आणि पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास सर्वांना खाली उतरावेच लागे. कोणीतरी थांबायचे, तर यंदा यांची पाळी, इतके कारण पुरेसे आहे. सर्वांत नव्या जोडप्यावर ती पाळी येणे अधिक स्वाभाविक.

शक्य असल्यास सिंथिया फरार यांचा निदान उल्लेख करावा. त्या १८२७ मध्ये अविवाहित म्हणून मुंबईला आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या आणि, मधली अमेरिकेची एक फेरी सोडल्यास, १८६२ मध्ये नगरलाच मृत्यू येईपर्यंत याच हवेत राहिल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे येथे बहुतेकांना ठाऊक असेल. आपल्या नाटकातील नव्या बाईंना उन्हाळा कसा काढायचा हे शिकवणारी व्यक्ती नवऱ्यापेक्षा त्याच असण्याची शक्यता अधिक आहे.

पंखादोरी

सर्व प्रतिसाद वाचले. माहिती चांगली आहे, पण एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. वर 'ताटीवर सतत पाणी शिंपडत' असे लिहिले आहे. कोण शिंपडत? बंद घरात छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने हलत होता. ती दोरी ओढत कोण होते? साहेब आणि शास्त्री आत उच्चार घोटत असताना एक माणूस बाहेरच्या पडवीत, म्हणजे नेमक्या त्या उन्हाच्या बाजूला, तासन्‌तास हात हलवत बसलेला असे. आणि पाणी नळाला येत नव्हते. निजामशाहीतल्या खापरी नळांचे पाणी हौदात येई, आणि तिथून घरापर्यंत ते पाणक्याच्या किंवा भिस्त्याच्या खांद्यावरून.

मिशनरी इतर गोऱ्या अंमलदारांच्या मानाने साधे राहत, हे मला मान्य आहे. त्यांचे वेतन मर्यादित होते आणि त्याचा पै-पैचा हिशोब बॉस्टनला द्यावा लागे. तरीही एका साध्या बंगल्यात स्वयंपाकी, पाणी भरणारा, घोड्याची निगा ठेवणारा, झाडलोट करणारा, धोबी आणि पंखा ओढणारा अशी पाच-सहा माणसे लागत, कारण एकाचे काम दुसरा करत नसे. जातिभेदाविरुद्ध पत्रके लिहिणारे घर जातिभेदाच्याच विभागणीवर चालत होते आणि हे त्यातल्या शहाण्यांना बोचतही असावे. पुढे मिशनच्या आवारात राहायला आलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांतली माणसे ही कामे करू लागली. त्यांना त्यांच्या गावांनी टाकलेले असल्याने तो आसरा होता आणि तीच अडवणूकही होती. यावर येथे वाद होऊ शकतो. मला तो टाळायचा नाही, पण या धाग्यात तो वाढवणारही नाही.

लेखकांना माझी विनंती इतकीच, की तीन पात्रांच्या नाटकात रंगमंचावर एक दोरी तरी दिसावी. ती दाराच्या फटीतून बाहेर जाते आणि पंखा हलतो. माणूस दिसला नाही तरी चालेल. फक्त शास्त्री घरी गेल्यावर, दुपारी सर्व झोपले असताना, एकदा ती दोरी थांबू द्या.

पडद्यामागचा

दोरीची सूचना मी घेतली आहे. शास्त्र्यांना ती थांबलेली दिसावी की बाईंना, हे अद्याप ठरत नाही. बहुधा बाईंनाच, कारण त्या वेळी जागे असण्याचे कारण त्यांच्यापाशी आहे. पटकी पहिल्या अंकाच्या शेवटी वेशीबाहेरच्या एका वस्तीत येईल आणि दुसऱ्या अंकात घरात शिरेल. पडदा आता पहाटे साडेचारला उघडतो: साहेब कंदील हाती घेऊन अंगणातून आत येतात, बूट उलटा करून झटकतात, आणि दूरवर आगगाडी.

भिंगारकर

बूट झटकला, उत्तम. आगगाडी मात्र काढा. मुंबई-ठाणे गाडीच १८५३ ची आहे, आणि दौंड-मनमाड मार्गामुळे नगरला रेल्वे पोहोचली १८७८ मध्ये. आपल्या साहेबांचे सामान मुंबईहून होडीने पनवेलला आणि तेथून बोरघाट चढून, पुणे-शिरूरमार्गे बैलगाडीतून आलेले आहे. शिट्टीच्या जागी मोटेचा करकरणारा आवाज ठेवावा, तो पहाटे नक्कीच ऐकू येत असे. कंदीलही घासलेटचा असल्यास बदलावा. घासलेट आपल्याकडे येण्यास अजून वीस-पंचवीस वर्षे अवकाश आहे. करडईच्या तेलाचा दिवा चालेल, आणि वाऱ्याने तो विझू नये म्हणून साहेबांना अंगणातून येताना दुसरा हात त्याच्यापुढे धरावा लागेल. मग बूट कोणत्या हाताने झटकणार, ते दिग्दर्शकांना विचारा.