पसरणी घाट उतरताना एएमटी गाडी आपोआप वरचा गियर टाकते. माझं काय चुकतंय?

शाहूपुरीकर_सूनबाई (सातारा):

चार महिन्यांपूर्वी पेट्रोलची एएमटी (क्लच पेडल नसलेली, गियर स्वतःच बदलणारी) हॅचबॅक घेतली. डावा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे क्लच नकोच होता. त्याआधी चौदा वर्षं मॅन्युअल चालवलीय, तेव्हा कृपया नवशिकी समजून उत्तर देऊ नका.

गेल्या रविवारी पाचगणीहून परत येत होतो. मागे नणंद आणि तिची दोन मुलं, शेजारी सासरे. सासरे एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, हे आधीच सांगून टाकते. पाचगणी सोडून घाटाला लागलो, लिव्हर डीवर, म्हणजे गियर गाडीच ठरवणार. उतार आला तसा मी सवयीनं ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर समोर २ दिसत होता त्याचा ३ झाला. जरा पुढं ४. मला गाडी आवरायचीय आणि ती सुटायला बघतेय! त्यात गियर बदलताना क्षणभर कुणीतरी मागून ढकलल्यासारखं होतं. मग ब्रेक. वळण संपलं की परत पाय वर, परत ३, परत ४, परत ब्रेक.

बुवासाहेबांच्या देवळाच्या अलीकडं जळका वास यायला लागला. नणंद म्हणाली, कुणीतरी पाचट पेटवलंय. सासरे एवढंच म्हणाले, "गाडी बाजूला घे." उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला तर चुलीसमोर बसल्यासारखी धग. वीस-पंचवीस मिनिटं थांबलो. तेवढ्यात पोरांनी धोम धरणाचे पन्नास फोटो काढले.

सासऱ्यांचं एकच पालुपद, "ज्या गियरात चढलीस त्याच गियरात उतर." मान्य आहे हो, पण गियर माझ्या हातात कुठंय? शोरूमला फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, ऑटोमॅटिक आहे, सगळं गाडीच बघते." गाडी काय बघते ते मी बघितलं. आता कुणीतरी नीट सांगा.

पप्पू_कराड:

सोप्पंय. उताराला न्यूट्रल टाकायची, ब्रेकवर पाय ठेवायचा. पेट्रोल पण वाचतं.

तासगावचा_बेदाणा:

पप्पूशेठ, हा सल्ला मागं घ्या. न्यूट्रलला गाडी धरायला ब्रेकशिवाय काहीच उरत नाही. आणि पेट्रोल वाचतं हे कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं. आताच्या गाडीत गियर पडलेला असताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच थांबवतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थेंब थेंब जातच राहतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि वर खर्च केलात.

ताई, मी अकरा वर्षं पिकअपमधून बेदाणा घेऊन कुंभार्ली उतरलोय. पाटण सोडलं, कोयनानगर गेलं की खाली चिपळूणपर्यंत गाडी नुसती ओढ घेते. पिकअप मॅन्युअल होती. आता लेकीची सीव्हीटी (ठरावीक गियर नसलेली ऑटोमॅटिक) चालवतो, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

तुमचं चुकत नाही, तुमची सवय चुकीच्या गाडीला लागू पडतेय. मॅन्युअलमध्ये पाय काढला की गियर आहे तिथंच राहतो आणि इंजिन गाडी धरतं. एएमटीचा गियरबॉक्स आतून मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबायला आणि गियर टाकायला माणसाऐवजी यंत्र बसवलेलं. त्या यंत्राला घाट दिसत नाही. त्याला मुख्यतः दोन गोष्टी कळतात, वेग किती आणि तुमचा पाय किती दाबलाय. वेग वाढतोय आणि पाय वर आहे, म्हणजे बाईसाहेबांना जोर नकोय, मग ॲव्हरेजसाठी वरचा गियर टाकू, असा त्याचा हिशेब. महागड्या गाड्यांत पाय वर असूनही वेग वाढतोय म्हणजे उतार आहे, एवढं ओळखून गियर धरून ठेवणारी सोय असते. स्वस्त एएमटीत ती धरून चालू नका.

तो मागून ढकलल्याचा भास भास नाही. गियर बदलायला यंत्र क्लच दाबतं, तेवढ्या वेळात इंजिनाची पकड जाते आणि गाडी खरोखर मोकळी सुटते.

आता उपाय. लिव्हर डीवरून एमवर (मॅन्युअल, म्हणजे गियर तुम्ही ठरवायचा) घ्या आणि उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा टाका. काही गाड्यांत लिव्हर पुढं ढकलला की गियर वाढतो, काहींत कमी होतो. ते वाईच्या सपाट रस्त्यावर बघून ठेवा, घाटात प्रयोग नको. दुसऱ्यात इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजाराच्या आसपास जाईल, इंजिन ओरडेल. ओरडू दे. काट्याची लाल पट्टी अजून बरीच दूर असते. वेग जास्त असताना खालचा मागितलात तर बरेचसे गियरबॉक्स देतच नाहीत, नुसतं टिंग वाजवतात. आधी ब्रेकनं वेग उतरवा, मग मागा.

ब्रेक दाबायचाच, पण हलका पाय ठेवून किलोमीटरभर घासत न्यायचा नाही. ठाम दाबा, वेग उतरवा, सोडा. सुटलेल्या वेळात डिस्कला वारा लागतो. पाचगणी ते वाई साडेपाचशे मीटरच्या वर उतार आहे. भरलेली छोटी गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे अंघोळीची बादली उकळेल इतकी उष्णता कुठंतरी जायला हवी. इंजिनानं वाटा उचलला नाही तर सगळी ब्रेकवर.

आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. कुंभार्लीत एकदा माझं गेलंय. हँडब्रेक आणि पहिला गियर, एवढ्यावर गाडी कठड्याला लावली. त्या दिवसापासून दर दोन वर्षांनी ऑइल बदलतो.

सीव्हीटीवाल्यांसाठी एक ओळ: त्यात पायऱ्याच नसतात, डीवर पाय काढला की काटा खाली जाऊन गाडी पळते. लिव्हरवर एल, एस किंवा बी जे काही असेल ते घ्या, आवाज वाढला तर घाबरू नका.

मिरजेची_इलेक्ट्रिक:

थोडं विषयांतर. आमच्या इलेक्ट्रिक गाडीत पाय काढला की मोटरच गाडी आवरते आणि बॅटरी भरते, म्हणून मी निर्धास्त होते. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून १०० टक्के केली आणि सकाळी केळघर घाटानं निघाले. बॅटरीत जागाच नाही, मग वीज जाणार कुठं? पहिले काही किलोमीटर नुसत्या ब्रेकवर. आता वर असताना ८० टक्क्यांवरच थांबवते.

शाहूपुरीकर_सूनबाई:

तासगावकर, आज परत जाऊन आले. ब्रेक ऑइल काल बदललं. जुनं चहासारखं काळपट निघालं. गाडी डीलरकडं डेमोला दीड वर्ष होती, त्यामुळं चार महिने हा आकडा माझ्यापुरताच, हे मला गॅरेजवाल्यानं दाखवल्यावर कळलं.

घाट लागायच्या आधीच एम आणि २. वेग तीस-पस्तीसला बांधल्यासारखा राहिला, काटा तीन हजारला. फक्त वळणापुरता ब्रेक. एका अवघड वळणावर समोरून एसटी आली. चढणाऱ्याचा हक्क आधी, म्हणून मी जवळजवळ थांबले, तर गाडीनं स्वतःच पहिला टाकला, आणि अगदी सावकाश झाल्यावर क्लच सुटून परत मोकळी झाली. तिथं ब्रेकच लागला. खाली आल्यावर चाकापाशी हात नेला, कोमट होतं.

सासरे मागं बसले होते. म्हणाले, "आवाज फार करते." बाकी काही नाही.

पुढच्या महिन्यात आंबेनळीनं पोलादपूरला उतरायचंय, प्रतापगड करून. तिथं दुसराच ठेवू की पहिला?

तासगावचा_बेदाणा:

दुसरा. फारच तीव्र उतार आला तर पहिला, पण वेग वीसच्या आत आल्यावर मागा. तो घाट पसरणीपेक्षा कितीतरी लांब आहे, मध्ये एकदा थांबून चहा घ्या. आणि सासऱ्यांना पुढं बसवा.