मेंदीच्या जुन्या कुंपणाच्या जागी आठ फुटी भिंत : उंची, हद्द आणि उताराचे पाणी

आपटेनगरकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. आमचे घर कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत आपटेनगर परिसरात आहे. प्लॉट अडीच गुंठ्यांचा असून जमीन उताराची आहे. आम्ही वरच्या अंगाला आणि शेजारी खालच्या अंगाला. दोन्ही प्लॉटच्या मध्ये वडिलांच्या काळापासून मेंदीचे कुंपण आणि त्यात उभी केलेली चेनलिंकची जाळी आहे. जाळीचे अँगल गंजले आहेत आणि मेंदी दोन्हीकडे हातभर पसरली आहे, हे मान्यच केले पाहिजे. शेजारचा प्लॉट गेल्या वर्षी विकला गेला. नव्या मालकांनी आता मेंदीला लागून चर खणायला घेतला असून तेथे आठ फूट उंचीची भरीव भिंत बांधायची आहे, असे ते सांगतात. हद्द मेंदीच्या मधून जाते की आमच्या बाजूने, याबद्दल ते आणि आम्ही वेगवेगळे बोलतो. खरेदीपत्रात रि. स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर, प्लॉट नंबर आणि चतुःसीमा आहेत, पण फुटांत मापे नाहीत.

कुंपणापासून तीन-चार फुटांवर, आमच्या हद्दीत, एक जुना आंबा आहे. त्याच्या फांद्या त्यांच्या बाजूला गेल्या आहेत आणि भिंतीसाठी त्या, आणि गरज पडली तर मुळेही, तोडणार असल्याचे त्यांनी बजावले आहे. शिवाय पावसाळ्यात आमच्या अंगणातले पाणी आजवर मेंदीच्या बुडातून खाली निघून जात असे; भरीव भिंत झाली तर ते आमच्या जोत्याशी तुंबेल. अशा भिंतीला नियमाप्रमाणे किती उंची चालते, मेंदी कोणाची मानली जाते आणि तक्रार नेमकी कोणाकडे करायची, याचे जाणकारांनी मार्गदर्शन करावे. संबंध बिघडवायची आमची इच्छा नाही, पण चर रोज पुढे सरकतो आहे.

जुना ओव्हरसिअर

आपल्या प्रश्नात तीन वेगळे विषय एकत्र आले आहेत आणि त्यांची कार्यालयेही तीन आहेत. भिंत किती उंच आणि कशी असावी, हे महापालिकेचा नगररचना विभाग पाहतो. हद्दीची रेषा जमिनीवर कोठून जाते, हे भूमी अभिलेख खात्याची मोजणी दाखवते. त्या रेषेच्या आतली जागा कोणाच्या मालकीची, हा वाद दिवाणी न्यायालयाचा. लोक बहुतेक वेळा महापालिकेत जाऊन हद्दीची तक्रार देतात, तेथून ‘हा खासगी वाद आहे’ असे उत्तर मिळते आणि तोवर भिंतीवर कोपिंग (माथ्यावरचा शेवटचा थर) चढलेले असते.

उंचीपुरते पाहू. राज्यात डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे आणि कोल्हापूर महापालिकाही तिच्यातच येते. त्या नियमावलीप्रमाणे कंपाउंड भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फूट, इतकी चालते. त्याहून उंच, म्हणजे 2.4 मीटरपर्यंत (सुमारे पावणेआठ फूट) जायचे असेल, तर वरचा 0.9 मीटरचा भाग उघडा असावा लागतो. तेथे ग्रिल, जाळी किंवा रेलिंग चालेल, वीटकाम चालणार नाही. म्हणजे आठ फूट भरीव भिंत घरगुती प्लॉटला सरळ नियमात बसत नाही. प्लॉट कोपऱ्यावरचा असेल तर आणखी एक बंधन येते. दोन रस्ते मिळतात तेथून दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत भरीव भाग 0.75 मीटरच ठेवायचा आणि उरलेली उंची हवी असल्यास रेलिंगने घ्यायची, म्हणजे वळणावरून येणारे वाहन दिसते. फाटकसुद्धा आतल्या बाजूलाच उघडले पाहिजे, रस्त्यावर नाही.

येथे एक मेख आहे. उंची रस्त्याच्या मध्यापासून मोजायची असल्यामुळे उताराच्या प्लॉटवर वाद हमखास होतो. आपल्या भागातले कित्येक रस्ते डांबराचे थर चढत चढत उंच झाले आहेत, त्यामुळे रस्त्यावरून पाच फूट दिसणारी भिंत आतल्या अंगणातून सात फूट भरते. म्हणूनच तक्रार अर्जात नुसते ‘भिंत फार उंच आहे’ असे लिहू नये. रस्त्याच्या मध्यापासून किती, आपल्या जमिनीपासून किती आणि त्यातला भरीव भाग किती, ही तिन्ही मापे टेप धरून लिहावीत आणि फोटो जोडावेत. अर्ज नगररचना विभागात द्यावा, प्रत विभागीय कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. विनापरवाना किंवा नियमाबाहेरच्या बांधकामावर महापालिकेला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खाली आणि महापालिका अधिनियमाच्या कलम 260 खाली नोटीस देता येते.

आता चराबद्दल, कारण सध्या सर्वांत निकडीची गोष्ट ती आहे. नऊ इंची भिंत नऊ इंचांत उभी राहत नाही. तिच्या खालचा पाया दोन ते अडीच फूट रुंद घेतला जातो आणि हद्दीला लागून असलेली भिंत पायाच्या मध्यावर उचलली, तर पायाचा आठ-नऊ इंचांचा भाग हद्दीपलीकडे जातो. भिंत कोणा एकाचीच असेल तर अख्खा पाया त्याच्याच जागेत बसला पाहिजे, म्हणजे भिंत पायाच्या कडेवर घ्यावी लागते. गवंड्याला हे आवडत नाही, पण करता येते. वरून ओळंब्यात दिसणारी भिंत जमिनीखाली आपल्या जागेत आली आहे का, हे काँक्रीट पडण्यापूर्वीच चरात उतरून पाहावे. एकदा माती भरली की कोणी उकरून दाखवत नाही.

दिवाणी वकील

वरचा प्रतिसाद योग्य आहे. मालकी, झाड आणि पाणी याबद्दल थोडे.

मेंदी कोणी लावली, यावरून हद्द ठरत नाही. कुंपण बरीच वर्षे एका जागी आहे, हा वहिवाटीचा पुरावा जरूर आहे आणि बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे, हक्काने आणि मूळ मालकाच्या विरोधात ताबा असेल तर त्याचे वेगळे कायदेशीर परिणाम होतात. परंतु ‘आमची मेंदी, म्हणून आमची जागा’ एवढ्यावर दावा उभा राहत नाही. प्रथम मोजणीचा अर्ज करावा. अर्ज आता ई-मोजणी प्रणालीतून करता येतो. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिका यांपैकी जे आपल्याला लागू असेल ते जोडावे. प्लॉट गुंठेवारीत (मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्यांनी पाडून विकलेल्या जागांत) येऊन नंतर नियमित झालेला असेल, तर नियमितीकरणाचा नकाशा शोधून काढणे अत्यावश्यक आहे, कारण अशा ठिकाणी विक्रेत्याने चुन्याने आखलेली रेषा आणि कागदावरची रेषा क्वचितच जुळतात.

मोजणीच्या दिवसाची नोटीस लगतच्या धारकांना जाते. शेजारी आले नाहीत किंवा त्यांनी सही नाकारली, तरी मोजणी होते. भूकरमापक तसा उल्लेख करतो. हद्दीच्या खुणा पक्क्या करायला दगड व मजूर अर्जदारानेच ठेवावे लागतात, ते लोक विसरतात. नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते आणि त्या प्रतीवर वहिवाटीची रेषा व अभिलेखाची रेषा वेगळी दाखवलेली असेल, तर तोच आपल्या प्रकरणाचा गाभा समजावा. मोजणी मान्य नसेल तर निमताना (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) आणि त्यावर सुपर निमताना मोजणी मागता येते. मात्र मोजणीचा नकाशा हा मालकीचा हुकूम नव्हे, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवलेले बरे.

तोपर्यंत गप्प बसू नये. शेजाऱ्यांना नोंदणीसह स्पीड पोस्टाने एक सौम्य पत्र पाठवावे : हद्द वादात आहे, मोजणीचा अर्ज केला आहे, तोवर हद्दीलगत पक्के काम करू नये. डोळ्यांदेखत भिंत पूर्ण होऊ दिली आणि नंतर पाडण्याची मागणी केली, तर न्यायालय पाडण्याऐवजी नुकसानभरपाईचा विचार करू शकते. काम रेटलेच तर तात्पुरत्या मनाईचा अर्ज करता येतो. जागेतून कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढले गेल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो आणि त्यात मालकी नव्हे, ताबा पाहिला जातो. दाव्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून तडजोड होते का पाहावे. हद्दीच्या वादांत तेथे झालेला तोडगा पुष्कळदा टिकतो. (ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आले, म्हणून काही पक्षकार हातभर जागेसाठीही ‘वरपर्यंत जाऊ’ म्हणू लागले आहेत. त्यांनी वकिलाच्या फीची आणि त्या हातभर जागेच्या किमतीची बेरीज-वजाबाकी एकदा करावी.)

आंब्याबद्दल : महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खाली झाड स्वतःच्या जागेत असले तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि ‘तोडणे’ यात झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. म्हणजे पायासाठी मुख्य मुळे छाटून झाड वाळवणे हा शेजाऱ्यांचा खासगी निर्णय असू शकत नाही. त्याचबरोबर हेही खरे की आपल्या झाडाच्या फांद्या कायम त्यांच्या अंगणावर राहाव्यात असा हक्क आपल्यालाही नाही. त्यांची तक्रार रास्त असेल, तर आपणच महापालिकेच्या उद्यान विभागाकडे फांद्यांच्या छाटणीचा अर्ज करावा. झाड पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे असेल तर 2021 च्या दुरुस्तीनंतर ते वारसा वृक्षांत मोडते आणि नियम अधिक कडक होतात.

पाण्याबद्दलचा आपला मुद्दा सर्वांत बळकट आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 7 मध्ये वरच्या जमिनीवर पडलेले पाणी, ठरलेल्या प्रवाहात नसले तरी, नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर जाऊ देणे हा वरच्या मालकाचा हक्क म्हणून उदाहरणासह दिला आहे. त्यासाठी वीस वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागत नाही. तो जमिनीच्या स्वभावातूनच येतो. पण हा हक्क अंगणात पडलेल्या पावसापुरता आहे. गच्चीचे पाणी पाइपाने गोळा करून हद्दीशी सोडले असेल तर ते नैसर्गिक वाहणे राहत नाही, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.

पाचगाव रस्ता

आमच्याकडे असेच झाले होते, फक्त आम्ही महापालिकेबाहेर, 2017 साली स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या गावांत येतो. त्या गावांतल्या वाचकांनी बांधकामाच्या तक्रारीसाठी महापालिकेत न जाता प्राधिकरणात जावे. भिंतीचे नियम मात्र त्याच नियमावलीचे. झाडाच्या बाबतीत ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा पाहावा लागतो आणि आंबा त्याच्या अनुसूचीत आहे.

आम्ही शेवटी सामाईक भिंत केली. भिंत मोजणीच्या रेषेवर मध्यावर घेतली, खर्च निम्मा-निम्मा वाटला, आणि उंची चार फूट भरीव व वर तीन फूट जाळी अशी ठेवली. मुख्य म्हणजे स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले की कोणीही दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय भिंत उंच करणार नाही, तिच्यावर पत्र्याची शेड टेकवणार नाही आणि दुरुस्तीचा खर्च दोघे करतील. या तिसऱ्या अटीचा उपयोग आजवर झालेला नाही. शेडच्या अटीचा मात्र पहिल्याच वर्षी झाला.

आपटेनगरकर

सर्वांचे आभार. मोजणीचा अर्ज भरला आणि शेजाऱ्यांना पत्रही दिले. ते सध्या थांबले आहेत आणि सामाईक भिंतीची कल्पना त्यांना एकदम नापसंत नाही. वकील साहेबांनी गच्चीच्या पाण्याचा विचारलेला प्रश्न मात्र वर्मावर बसला, कारण आमच्या मागच्या दोन पाइपांचे तोंड नेमके मेंदीच्या बुडाशी आहे. ते वळवून घेतो. आता भिंत झालीच, तर अंगणाच्या पाण्यासाठी तिच्यात नेमके काय ठेवायला सांगावे?

जुना ओव्हरसिअर

पाइप आधी वळवा, बोलणी नंतर करा. म्हणजे मागणी करताना आपली बाजू स्वच्छ राहील. ते पाणी पुढच्या गटारात न्यावे, किंवा जागा असेल तर विटांच्या तुकड्यांनी व खडीने भरलेला शोषखड्डा घ्यावा. मुरमाच्या जमिनीत तो चांगला चालतो. काळ्या मातीत तो भरून राहतो आणि माती फुगून शेजारच्या पायाला तडे देते, म्हणून अशा जमिनीत तो भिंतीपासून लांबच घ्यावा. शोषखड्डा आंब्याच्या बुंध्याजवळही नको.

भिंतीत जमिनीच्या पातळीला, दर पाच-सहा फुटांवर, विटेच्या मापाची उघडी भोके ठेवायला सांगा. नुसते दोन इंची पाइप घातले तर पहिल्याच पावसात आंब्याच्या पानांनी बुजतात. भोकांच्या आपल्या बाजूला जाडी जाळी आणि त्यांच्या बाजूला हातभर रुंदीची उथळ पन्हळ, जी त्यांच्या फाटकाकडून रस्त्याच्या गटारात उतरेल. पन्हळ त्यांच्या जागेत येते, तेव्हा तिचा खर्च आपण देऊ केला तर काम लवकर ठरेल. आपली जमीन त्यांच्यापेक्षा दीड-दोन फुटांहून उंच असेल, तर ती भिंत मातीचा दाबही घेणार. मग साध्या वीटकामावर भागणार नाही, खालच्या भागाला आर.सी.सी. किंवा काळ्या दगडाचे बांधकाम लागेल आणि त्याचा आराखडा परवानाधारक अभियंत्याकडूनच करून घ्यावा. आंब्याजवळच्या चार-पाच फुटांत सलग पाया न घेता दोन बाजूंना खांब उभे करून वरून बीम टाकला, तर मुळे खालून जाऊ शकतात. हे सगळे सामाईक भिंतीच्या करारात नकाशासह जोडा, आणि करारावर सह्या मोजणीची ‘क’ प्रत हातात आल्यानंतरच करा.