मनीऑर्डरवर देश उभा राहतो का? (निमित्त नेपाळ)

कातळावरचा
आमच्याकडे रत्नागिरीत आंब्याच्या बागा राखायला नेपाळी गडी असतात. त्यातल्या एकाचा भाऊ कतारला, मेहुणा मलेशियात. गावी म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. नेपाळच्या जीडीपीच्या जवळपास चौथ्या हिश्श्याएवढी रक्कम अशी बाहेरून येते. माझं मत रोखठोक आहे. या पैशाने घरावर पत्रे चढतात, पोरं इंग्रजी शाळेत जातात, पण देशात रोजगार उभा राहत नाही. डोंगरातली शेतं पडीक आणि तांदूळ भारतातून विकत. एप्रिल २०२२ मध्ये परकीय चलन आटायला लागलं, तेव्हा सरकारला मोटारी, दारू, महागडे मोबाइल यांची आयात थांबवावी लागली. वाळवंटात घाम गाळून पाठवलेला पैसा असा आल्या पावली बाहेर जातो. सरकारला मधल्यामधे आयातकर मिळतो, मग कारखान्यांची घाई कोणाला?

सुमनताई
पत्र्यांना नावं ठेवणं सोपं आहे हो, गळक्या छपराखाली कधी झोपलायत का? १९९५-९६ मध्ये नेपाळात सुमारे ४२ टक्के लोक गरीब होते, २०१०-११ मध्ये २५ टक्के. मधली दहा वर्षं माओवादी युद्धाची. त्या काळात कोणते कारखाने निघणार होते? गरिबी घटली त्यात पोरांनी पाठवलेल्या पैशाचा वाटा मोठा. २०१५ च्या भूकंपानंतरही सरकारी मदतीची वाट न बघता पैसे आले ते आखातातूनच. कारखाने काढणं हे काठमांडूचं काम, दोहात विटा उचलणाऱ्याचं नव्हे.

आडवाट
ताई, पण जायचा खर्च धरा की. २०१५ पासून नियम आहे, आखात आणि मलेशियासाठी व्हिसा-तिकीट मालकाने द्यायचं आणि मॅनपावरवाल्याने, म्हणजे माणसं परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटने, फार तर १०,००० नेपाळी रुपये घ्यायचे. प्रत्यक्षात लाखाच्या वर मोजतात, तेही सावकाराकडून शेकडा तीनने. महिन्याला बरं का, म्हणजे वर्षाला ३६ टक्के! पहिली कमाई फेडण्यातच जाते.

कातळावरचा
तेच म्हणतोय. कोकणही मुंबईच्या मनीऑर्डरवर जगलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि गावोगाव चुली थंडावल्या. गावात दुसरं काही उभंच केलं नव्हतं.

सुमनताई
आणि त्याच मनीऑर्डरीवर शिकलेली पोरं मास्तर झाली, बँकेत लागली, ती कोणत्या हिशोबात धरायची?

कातळावरचा
ती पण मुंबईतच राहिली ना ताई. गावचं घर गणपतीला उघडतं.

आडवाट
मग उपाय काय, जाणं बंद करायचं? तेही करून झालंय. २०१७ मध्ये नेपाळने बायकांना घरकामासाठी आखातात जायला मनाई केली. बायका थांबल्या नाहीत, सीमा ओलांडून दिल्ली-मुंबईमार्गे गेल्या. नोंद नाही, विमा नाही, मालकाने पासपोर्ट काढून घेतला तर दाद मागायला कागद नाही. बंदी घालण्यापेक्षा त्या शेकडा तीनवाल्याच्या आधी बँकेने कर्ज द्यावं. निदान पहिल्या वर्षाची कमाई तरी घरी पोचेल.