तो आवाज खरा आहे

'ट्रबल विथ द कर्व्ह' या बेसबॉलवरच्या सिनेमातला म्हातारा स्काउट (नवे खेळाडू हेरणारा) गस डोळे अधू झाल्यावर नुसत्या बॅटच्या आवाजावरून फलंदाज जोखतो, ही निव्वळ फिल्मी थाप आहे असं काही जण म्हणतात. मला नाही पटलं. शेवट फार सोयीचा आहे, मान्य. शेंगदाणेवाला पोरगा अचानक येऊन सगळ्यांना गार करतो, तिथे लेखकाने घाईच केलीय. पण आवाजाचं म्हणाल तर त्याला आधार आहे.

बक ओ'नील यांच्याबद्दल जरूर वाचा. निग्रो लीगमधले (वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या बेसबॉल स्पर्धेतले) खेळाडू, पुढे शिकागो कब्ज या संघाचे स्काउट; १९६२ साली मेजर लीगमधले, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतले, पहिले कृष्णवर्णीय कोच. ते सांगायचे, की बॅटचा तो एक वेगळाच आवाज मी आयुष्यात तीनदाच ऐकला. लहानपणी बेब रूथचा, मग जॉश गिब्सनचा आणि कित्येक वर्षांनी, थेट ऐंशीच्या दशकात, बो जॅक्सनचा; तिघेही बेसबॉलमधले जबरदस्त फटकेबाज. गिब्सनच्या वेळी तर ते आत कपडे बदलत होते; आवाज कानावर पडताच तसेच बाहेर धावले, कोण मारतंय ते बघायला! २००६ साली गेले, तोवर चौथ्यांदा तो आवाज ऐकायची आस त्यांना होती. हे माहीत झाल्यावर मी सिनेमा पुन्हा लावला आणि गस कान टवकारून बसतो त्या प्रसंगाला अंगावर काटा आला.