मदत हवी आहे: पत्र्याच्या घरातला रात्रीचा उकाडा मोजायचाय, कमी खर्चात कसा?

नमस्कार मंडळी,

पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करतेय, शेवटचं वर्ष. प्रबंधाचा विषय वस्तीतल्या घरांमधला उकाडा. जागा पुण्यात पर्वतीच्या उतारावरची एक वस्ती, नाव मुद्दाम लिहीत नाही.

हवामान खात्याच्या निकषांप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट. 'उष्ण रात्र' म्हणायलाही आधी दिवसाचा पारा चाळिशीला टेकलेला लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे पारा चाळिशी गाठेलच असं नाही. पारा ३८-३९ वर घुटमळला की कागदोपत्री काहीच घडत नाही. तो पाराही शिवाजीनगरच्या वेधशाळेतला, झडपांच्या पांढऱ्या पेटीत सावलीत मोजलेला. दहा बाय दहाची खोली, डोक्यावर हातभर अंतरावर पत्रा, पायाशी गॅस. तिथे झोपणाऱ्या बाईला त्या आकड्याचा काय उपयोग?

गाईड सर म्हणतात, लॅन्डसॅट उपग्रहावरून पृष्ठभागाच्या तापमानाचे नकाशे काढ, पेपर पटकन होईल. होईलही! पण लॅन्डसॅट इथून जातो सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, आणि त्याला दिसतं छप्पर, त्याखालचा माणूस नाही. त्यात नवा चकचकीत पत्रा उष्णता कमी उत्सर्जित करतो, म्हणून उपग्रहाला तो असतो त्यापेक्षा गार भासू शकतो. नकाशावर वस्ती 'थंड' दिसली तर मी काय लिहू?

तर घरातच मोजायचं ठरवलंय. बजेट खिशातलं, म्हणजे विकत मिळणारे चांगले लॉगर (तापमान आपोआप नोंदवत राहणारी यंत्रं) परवडणारे नाहीत. सेन्सर कुठला घ्यावा, खोलीत कुठे लावावा, शिवाजीनगरचे आकडे कसे मिळतात, हे हवंय. आणि एक अवघड गोष्ट. वस्तीत याआधी बरेच सर्वेक्षणवाले फॉर्म भरून घेऊन गेलेत, परत कोणी फिरकलं नाही. एका मावशींनी सरळ विचारलं, "तू मोजलंस की पत्रा गार होणार का?" काय उत्तर द्यावं?

सोल्डरिंगवाला:
निळा डीएचटी११ सेन्सर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नकोस, त्यात दोन अंश इकडेतिकडे. डीएचटी२२ अर्ध्या अंशापर्यंत बरा. परवडला तर एसएचटी३१, आर्द्रताही नीट देतो. सोबत सेन्सर वाचायला ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि नोंदी साठवायला मेमरी कार्ड. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ सगळं मिळेल, भाव करावा लागतो. वीज जाते तिथे, त्यामुळे पॉवर बँक ठेवच.

लावायच्या आधी सगळे सेन्सर एकाच खोलीत शेजारी शेजारी दोन दिवस ठेव आणि कोण किती जास्त-कमी दाखवतो ते लिहून घे. काढून आणल्यावर पुन्हा तेच कर. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

पत्र्याला चिकटवू नकोस, गॅसच्या वर नको, पंख्याच्या झोतात नको. माणूस झोपतो त्या उंचीवर लाव. तापलेला पत्रा अंगावर जी धग फेकतो ती हवेच्या तापमानात येत नाही, त्यासाठी आत तापमापक बसवलेला पोकळ काळा गोल लागतो. प्रमाणित गोल १५० मिमीचा असतो आणि महाग. टेबल टेनिसचा ४० मिमीचा चेंडू मॅट काळा रंगवून आत सेन्सर घातला तरी काम भागतं, संशोधनात वापरतात तसा.

भरदुपार:
वाचतोय. मलाही उपयोगी.

निवृत्त_निरीक्षक:
ताई, विषय चांगला आहे, पण शीर्षकातला 'रात्रीचा' शब्द मला खटकला. पत्रा पातळ असतो, झटकन तापतो आणि सूर्य मावळल्यावर झटकन निवतोही. स्लॅब उलटा. दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री खोलीत सोडत बसतो. तेव्हा पत्र्याची घरं दुपारी दोन ते चारमध्ये भयंकर, आणि शेजारची दाटीवाटीची स्लॅबची घरं रात्री जास्त त्रासदायक, असंही निघू शकेल. म्हणून दोन्ही प्रकारची घरं घ्या. कमी घरं चालतील, पण जोड्या लावा. एकाच गल्लीत, एकाच बाजूला तोंड असलेली.

वळवाचा पाऊस झाला की त्या संध्याकाळचे आकडे वेगळे काढा, नाहीतर सरासरी फसवेल.

शिवाजीनगरच्या नोंदींसाठी हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडे कॉलेजचं पत्र जोडून अर्ज करा. संकेतस्थळावर पावसाची चौकटवार माहिती १९०१ पासूनची आहे, पण ती चौकट अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाची, म्हणजे एकेक बाजू सव्वीस ते अठ्ठावीस किलोमीटरची. अख्खं पुणे एकदोन चौकटींत बसतं, वस्ती कुठून दिसणार? गाईडना उपग्रह हवाच असेल तर इकोस्ट्रेस हा पृष्ठभागाचं तापमान टिपणारा सेन्सर सुचवा. २०१८ पासून अंतराळ स्थानकावर आहे, वेगवेगळ्या वेळी जातो, रात्रीचीही चित्रं मिळतात, साधारण ७० मीटर तपशिलात. छपराचंच तापमान ते, पण निदान रात्रीचं.

बचतगटवाली:
मावशींना खोटी आशा दाखवू नका. "मोजून पत्रा गार होणार नाही, पण आकडे तुमच्या हातात देईन," एवढंच सांगा आणि ते खरोखर करा. प्रबंध जमा झाल्यावर नाही, उन्हाळा संपायच्या आत. प्रत्येक घराला एक कागद, मराठीत, त्यांच्याच खोलीचा आलेख. पुढे नगरसेवकाकडे जायला बायकांना तो कामी येतो.

संमती एकट्या घरमालकाची घेऊ नका, भाडेकरू असेल तर त्याचीही. आणि आर्द्रतेच्या आलेखावरून स्वयंपाक कधी होतो, घर कधी रिकामं असतं हे कळतं, त्यामुळे घराच्या खुणा कुठे छापू नका.

पत्र्याला पांढरा रंग देण्याचा प्रयोग करायचा मोह होईल. अहमदाबादेत २०१३ पासून उष्णता कृती आराखडा आहे, पुढे छपरं पांढरी करण्याचं कामही झालं. करा, पण धुळीने पांढरेपणा उतरतो, तेव्हा पुढच्या वर्षी रंग कोण देणार ते आधी ठरवा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. पत्रा आणि स्लॅबच्या जोड्या घेतेय, शीर्षकातून 'रात्रीचा' काढते, दिवसरात्र मोजते. रंगाचं यंदा नाही.

सोल्डरिंगवाले, चेंडूवर स्प्रे पेंट मारला तर प्लास्टिक विरघळतं का? की ब्रशनेच द्यायचा? आणि पोटमाळ्यावर झोपणाऱ्यांसाठी वेगळा सेन्सर लावू का? तिथे पत्रा अगदी नाकाशी आहे.